सुरतेचा गठ्ठा आणि केशरी डाग

ज्या वर्षी सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली, त्या वर्षी बंगळूरचा अख्खा चिकपेट बाजार गठ्ठ्यांना घाबरत होता. आमचं साड्यांचं दुकान, आणि निम्मा माल सुरतेचा. एरवी लॉरीतून उतरलेला गठ्ठा तासाभरात फुटून फळीवर लागायचा. ते गठ्ठे आता गच्चीवर उन्हात पडून होते. माझे सासरे, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, तोंडाला पंचा बांधून जायचे आणि त्यांच्यावर डांबराच्या गोळ्या भिरकावून लगबगीने खाली यायचे. सासूबाई, म्हणजे अक्का, दहीभाताचा नैवेद्य घेऊन प्लेगम्माला जाऊन आल्या. ही देवी मी बंगळूरला आल्यावरच पाहिली. अक्कांच्या आजीच्या वेळी प्लेगने गल्ल्या रिकाम्या केल्या होत्या, लोक घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिले होते, तेव्हापासून ती तिथे बसली आहे. पुढे प्लेग गेला आणि तिला फारसं काम उरलं नाही. त्या आठवड्यात मात्र देवळाबाहेर रांग लागली होती.

आणि या सगळ्या धामधुमीत मी घरात बसून खोकत होते.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथली मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. साड्यांना फॉल लावायचं काम मी घरीच करायची. म्हणून खोकल्याला सगळ्यांनी एकच नाव दिलं होतं, कापडाची धूळ. वजन उतरत होतं, त्याचं तर कौतुकच चाललं होतं. बाळंतपणानंतर किती छान बारीक झालीस, असं दुकानात येणाऱ्या बायका म्हणायच्या आणि मीही मूर्खासारखी खूश व्हायची. संध्याकाळी कणकण यायची, ती दमणुकीत जमा होत होती.

मग एका सकाळी रुमालावर रक्त दिसलं.

प्लेग नाही ना?

नवरा, श्रीधर, रुमाल बघून म्हणाला, "तू वरचे गठ्ठे फोडलेस का?" मी नाही म्हटलं. "हातपण लावला नाहीस?" हात लावला होता. वाळत घातलेल्या साड्या काढताना एक गठ्ठा बाजूला सरकवला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

चिकपेटमधल्या डॉक्टरकडे गेलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं असतं. म्हणून आम्ही रिक्षा करून थेट इंदिरानगरला गेलो, छातीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे. एक्स-रे झाला, थुंकी तपासायला दिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "टीबी आहे."

"म्हणजे प्लेग नाही ना?" श्रीधरने विचारलं.

"नाही."

"देव पावला," असं म्हणून तो खुर्चीत मागे रेलला.

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही पहिलेच, ज्यांना हे ऐकून आनंद झाला." मला हसू आलं आणि हसताहसता खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत त्यांनी चिठ्ठीवर औषधं लिहिली. मग म्हणाल्या, "प्लेग आला की पेपरात येतो. हा पेपरात न येता राहतो. पण हा बरा होतो. सहा महिने औषध, एकही दिवस न चुकवता. बरं वाटायला लागलं की लोक सोडतात, तिथेच सगळं बिघडतं."

मी त्यांचं बोलणं ऐकत होते, पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. शाळेत आम्हाला देवी हा रोग जगातून गेला असं शिकवलं होतं, आणि माझी समजूत अशी की तसले सगळेच रोग एका गाडीने निघून गेले. क्षय हा आजीच्या पिढीचा आजार. तो माझ्या छातीत काय करत होता? आणि माझी मुलगी, मुग्धा, अडीच वर्षांची, रोज माझ्या कुशीत, माझ्या गळ्यात तोंड खुपसून झोपते, त्याचं काय?

तेवढं एकच मी विचारलं. मुग्धाला लगेच तपासायला आणा, असं बाई म्हणाल्या. आणि औषध लागू पडेपर्यंत, म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे, तिला लांब ठेवा. मी त्या आठवड्यांना धरून बसले.

उंबऱ्यातलं ताट

घरी श्रीधरने खरं काय ते सांगितलं. अण्णा म्हणाले, "गठ्ठ्याचं नाही ना? बरं झालं." अक्कांनी फक्त एक शब्द विचारला. "क्षय?" मग त्या उठल्या आणि माझ्या पायाशी खेळणाऱ्या मुग्धाला उचलून आत घेऊन गेल्या.

मुग्धाची छाती साफ निघाली. तिला खबरदारीचं औषध सुरू झालं, आणि त्याच दिवशी माझी नणंद, शोभा वन्सं, येलहंक्याहून येऊन तिला घेऊन गेली. वन्संच्या घरावरून विमानं फार खाली येतात. विमानं बघायला जायचं, एवढंच मुग्धाला ठाऊक. ती रिक्षातून मला टाटा करत होती आणि मी वरच्या खिडकीत तोंडावर पदर धरून उभी होते. तिने एकदाही मागे वळून रडं काढलं नाही. मला ते बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

रक्त थांबत नव्हतं म्हणून मला काही दिवस गावाबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळात ठेवलं. भिण्यासारखी जागा नव्हती ती. मोठ्या खिडक्या, बाहेर कडुनिंब, वाऱ्याला मोकळीक. सकाळी थुंकीची डबी, मग कांजी, मग गोळ्या. गोळ्या देणारी सिस्टर आपण गिळेपर्यंत समोर उभी राहायची आणि नंतर तोंड उघडून दाखवायला लावायची. पुण्याच्या शिक्षिकेची मुलगी मी, माझ्यावर कुणी असा अविश्वास दाखवला नव्हता. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला त्याचा आधार वाटायला लागला. आपण गोळी घेतली हे आपल्याखेरीज आणखी कुणाला तरी माहीत आहे, ही मोठी गोष्ट असते.

शेजारच्या खाटेवर जयम्मा होती, फुलं विकणारी. "एवढं काय रडतेस? मरायचं असतं तर अंडं दिलं असतं का रोज?" असं ती कन्नडमध्ये म्हणायची आणि माझं अंडंही खायची. तिचा मुलगा भेटायला येताना मोगऱ्याचा गजरा आणायचा. ती त्याचे तीन तुकडे करायची, एक स्वतःला, एक मला, आणि एक कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईला. त्या बाईशी वॉर्डात कुणी बोलत नसे. आम्हा सगळ्यांचं रक्त आणखी एका चाचणीला गेलं होतं, त्या नव्या रोगाच्या, ज्याचं नाव सिस्टरसुद्धा हळू आवाजात घ्यायची. आमची उत्तरं चांगली आली, तिचं आलं नाही. नवा रोग घरात शिरला की जुना त्याच्या मागोमाग येतो, असं एका डॉक्टरांनी राउंडच्या वेळी शिकाऊ मुलांना सांगितलेलं मी ऐकलं. गजऱ्याचा तुकडा घेताना ती बाई दोन्ही हात पुढे करायची. मला ती अजून आठवते.

घरी आले तेव्हा गच्चीवरची खोली माझ्यासाठी तयार होती. धुतलेली, पांढरी चादर घातलेली, पाण्याचा माठ भरलेला. कशाचीही उणीव नव्हती. फक्त अक्का उंबरा ओलांडत नव्हत्या. ताट उंबऱ्यात ठेवायच्या, दाराची कडी वाजवायच्या आणि मी येईपर्यंत जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहायच्या. माझे कपडे वेगळे उकळायच्या. श्रीधर दारात खुर्ची टाकून बसायचा, दुकानातल्या गमती सांगायचा. एकदा मी म्हटलं, "अक्का माझा एवढा तिटकारा का करतात?" तो म्हणाला, "तिटकारा नाही ग. ती रोज सकाळी रडते." मला त्याचं बोलणं खोटं वाटलं.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी थुंकी पुन्हा तपासली आणि साफ असल्याचं सांगितलं. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही, मुलीला आणायला हरकत नाही, असं त्यांनी श्रीधरजवळ लिहूनही दिलं. श्रीधरने तो कागद अक्कांना वाचून दाखवला. अक्का म्हणाल्या, "सरी," म्हणजे ठीक आहे. आणि मुग्धा येलहंक्यालाच राहिली. "कागद काय, कोणी पण लिहितं," असं त्यांनी वन्संना फोनवर सांगितल्याचं मला नंतर कळलं. मुग्धा वन्संनाच आई म्हणायला लागली आहे, हेही तेव्हाच कळलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचार केला, कशासाठी घ्यायच्या या गोळ्या?

घेतल्या मात्र. ती सिस्टर समोर उभी आहे असं समजून घेतल्या.

रंग कुणाचा

आता थोडं आमच्या घरातल्या एका रिवाजाबद्दल. दुकानात नवा रंगीत माल आला की तो फळीवर लागण्याआधी अक्कांच्या हाताखालून जातो. त्या पांढऱ्या मलमलीची चिंधी ओली करतात, साडीच्या एका कोपऱ्यावर घासतात आणि उजेडात धरतात. चिंधीला रंग लागला की गठ्ठा परत. त्यात अण्णांचंही काही चालत नाही. अक्कांच्या माहेरी रंगाऱ्यांचं काम होतं, आणि पाण्यात सुटणारा रंग म्हणजे त्यांच्या लेखी चोरीचा माल.

तर उकळायला घेतलेल्या माझ्या कपड्यांत त्यांना पांढऱ्या ब्लाउजच्या काखेत आणि गळ्यापाशी केशरी डाग दिसले. मग उशीच्या अभ्र्यावर. मग रुमालावर. दसऱ्याला मला नव्या मालातली एक केशरी साडी मिळाली होती, ती मी वर नेसत होते. अक्कांनी डाग बघितला, साडी आठवली आणि निकाल दिला. घाऊक व्यापारी शेटजींकडून आलेला तो माल त्यांनी स्वतः चिंधी लावून पास केलेला, त्यामुळे राग दुप्पट. अण्णांना बोलावून म्हणाल्या, "त्या शेटनं वरचा नग पक्का दाखवला आणि आतला कच्चा भरला. जावा, परत करून या."

अण्णा उरलेला सगळा गठ्ठा हमालाच्या डोक्यावर देऊन पलीकडच्या गल्लीत गेले. भर बाजारात शेटजींना बोल लावले. शेटजी शांत माणूस. त्यांनी एकेक साडी उलगडली, पाणी मागवलं आणि अण्णांच्याच पांढऱ्या धोतराचा सोगा धरून प्रत्येक साडीवर घासला. धोतर होतं तसं पांढरं राहिलं. बघ्यांना चहा पाजून शेटजींनी अण्णांना गठ्ठ्यासकट परत पाठवलं. अण्णा आले ते तसेच पाटावर बसले. "धोतराची आब्रू राहिली, माझी गेली," एवढंच म्हणाले.

खरं काय ते मला माहीत होतं, निदान अर्धं. या गोळ्यांनी लघवी लाल होते, घाबरू नका, असं सिस्टरने वॉर्डात सांगितलं होतं. पण ही गोष्ट सासूसासऱ्यांना कोण सांगणार? घामही रंगतो हे मला ठाऊक नव्हतं. डाग बघून मीसुद्धा साडीलाच दोष देत होते.

त्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली. ताटाची वेळ नव्हती. अक्का दारात आल्या, हातात ओली चिंधी. क्षणभर थांबल्या, आणि मग उंबरा ओलांडून सरळ माझ्यापाशी आल्या. इतक्या आठवड्यांनी कुणी माझ्या इतक्या जवळ आलं होतं की त्यांच्या अंगाचा हळदीचा वास मला आला. माझा पदर हातात घेऊन त्यांनी चिंधी खसाखसा घासली. चिंधी पांढरी. दुसरा काठ घासला. पांढरी.

"स्वल्प मान वळव," त्या म्हणाल्या.

मी मान वळवली. त्यांनी चिंधी माझ्या मानेवर फिरवली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तिच्यावर फिकट केशरी रंग होता.

"हा तर तुझा रंग आहे," अक्का म्हणाल्या.

मग मला सांगावंच लागलं. गोळ्यांचं, लघवीचं, सगळं. त्यांनी एक गोळी मागितली. लाल टोपणाची ती कॅप्सूल उघडून तिची पूड त्यांनी चिंधीच्या दुसऱ्या टोकाला लावली. विटेसारखा गडद लाल रंग झाला. त्या किती तरी वेळ दोन्ही टोकं शेजारीशेजारी धरून बघत राहिल्या.

"म्हणजे पोटात घेतलेलं कातडीपर्यंत येतंय."

"हो."

"छातीत पण जातं?"

"त्यासाठीच तर घेते, अक्का."

त्या माझ्या खाटेवर बसल्या. माझ्या खाटेवर. मला वाटलं त्या लगेच उठतील, पण त्या चिंधी मांडीवर पसरून बोलायला लागल्या. त्यांची थोरली बहीण सरसू, लग्न ठरलेली, क्षयाने गेली. तेव्हा औषध नव्हतं. माशाचं तेल आणि मोकळी हवा, एवढंच. "परसातल्या खोलीत ठेवलं होतं तिला. ताट उंबऱ्यात ठेवून लांब व्हायचं, असं सांगितलं होतं घरी. मीच ठेवायची ते ताट. ती म्हणायची, स्वल्प बस ग इथं. मी पळून यायची. बारीक होते मी." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तिला जे जे दिलं, ते कुठं पोचलंच नाही ग. तुला पोचतंय."

मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. बाहीखाली त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचे दोन मोठे वण आहेत. माझ्या दंडावर एक आहे. मुग्धाच्या दंडावर तो नाहीच, तिच्या जन्माआधीच त्या लसीची गरज संपली होती. तिला आहे तो क्षयाच्या लसीचा वाटाण्याएवढा वण. आमच्या घरातल्या या तीन दंडांकडे बघितलं की मला बाईंचं बोलणं पटतं. काही रोग जातात, काही दबा धरून बसतात.

उठताना त्यांनी कोपऱ्यातलं माझं वेगळं ताट उचललं. "आजपासून खाली जेवायला ये. सगळ्यांच्यात," म्हणाल्या.

त्यानंतर रोज सकाळी माझ्या मानेवरून चिंधी फिरायला लागली. रंग दिसला की त्या मान हलवायच्या, सिस्टरसारख्या. वाचणाऱ्यांना एक विनवणी, चिंधीवर भरवसा ठेवू नका. रंग दिसला म्हणजे औषध अंगात आहे, एवढंच. बरं झालो की नाही ते थुंकी तपासूनच कळतं. पण ज्या घरात डॉक्टरांचा कागद हरला, तिथे चिंधी जिंकली, आणि मी तिची ऋणी आहे.

येलहंक्याची बस

मुग्धाबद्दल मी काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती. एका सकाळी अक्का चिंधी बघून म्हणाल्या, "सरी. मी जाऊन येते," आणि पिशवी घेऊन निघाल्या. श्रीधर दुकान सोडून बरोबर जायला निघाला तर त्यांनी त्याला परत पाठवलं. म्हणाल्या, "मी पाठवली होती, मीच आणते."

दुपारी त्या बसमधून उतरून चालत आल्या, मुग्धा कडेवर. अंगात नवाकोरा पांढरा फ्रॉक, वन्संनी शिवलेला. मी अंगणात उभी होते. मुग्धाने मला पाहिलं आणि अक्कांच्या खांद्यावर तोंड लपवलं. मी हात पुढे केले. "बेडा," ती म्हणाली. नको. येलहंक्याला शिकलेलं कन्नड.

मी हात मागे घेतले. इतक्या आठवड्यांत मला एवढं कधीच लागलं नव्हतं, रक्त पाहिलं तेव्हाही नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या मला पायरीवर बस म्हणाल्या, माझ्या अगदी लगत स्वतः बसल्या आणि मुग्धाला आपल्या मांडीवर घेऊन शेंगा सोलायला लागल्या. एक दाणा तिच्या तोंडात, एक माझ्या हातावर. एक तिच्या तोंडात, एक माझ्या हातावर. थोड्या वेळाने मुग्धाने माझ्या हातावरचा दाणा उचलून खाल्ला. मग दुसरा. मग दाण्यांसाठी ती माझ्या मांडीवर आली, आणि दाणे संपल्यावर उतरली नाही. तिने माझ्या गळ्यात तोंड खुपसलं, नेहमीच्या जागी.

मला रडू आवरलं नाही. तिच्या खांद्यावर माझं तोंड होतं. बऱ्याच वेळाने मान वर केली तर त्या पांढऱ्या फ्रॉकच्या खांद्यावर दोन-तीन फिकट केशरी ठिपके उमटले होते. डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगलेलं होतं.

अण्णा दुकानातून आत आले. त्यांनी नातीला पाहिलं, ठिपके पाहिले आणि गंभीर तोंड करून अक्कांना विचारलं, "हा माल कुणाकडे परत करून येऊ, सांग."

अक्कांनी फ्रॉकचा खांदा उजेडाकडे वळवला, त्यावर अंगठा घासून बघितला.

"कुठं नको," त्या म्हणाल्या. "हा घरचा रंग आहे."